शीतगृहातील अमोनियाचा डिटेक्टर वाजला नाही, कारण काय असावे?

प्रश्न: पिंपळगाव बसवंतजवळ आमचे द्राक्षांचे शीतगृह आहे. डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवलेले आहेत. गेल्या आठवड्यात कॉम्प्रेसरच्या खोलीत कामगारांचे डोळे चुरचुरू लागले, तरी एकही वाजला नाही.

उत्तर: आधी जागा बदला. अमोनिया हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो, म्हणून सेन्सर छताजवळ हवा. शीतकरणासाठी वापरले जाणारे फ्रीऑन वर्गातील वायू जड असल्याने त्यांचे सेन्सर मात्र जमिनीलगत बसवतात.

दुसरे उत्तर: सेन्सरचे वयही पाहावे. विद्युत-रासायनिक सेन्सरमध्ये वायूची इलेक्ट्रोडवर अभिक्रिया होऊन त्याच्या प्रमाणात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. त्याची क्षमता हळूहळू संपत जाते, आणि दोन-तीन वर्षांनी यंत्रावरचा हिरवा दिवा तसाच चालू असूनही आतील सेन्सर निकामी झालेला असू शकतो. त्यामुळे ज्ञात प्रमाणाचा वायू सोडून तो नियमित तपासणे अत्यंत गरजेचे आहे. दिंडोरीत आम्ही पहिला इशारा २५ पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया) ठेवला आहे. ३०० पीपीएम ही जिवाला तत्काळ धोक्याची पातळी मानली जाते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. नेमका गळका सांधा कसा शोधावा?

उत्तर: ओला तांबडा लिटमस कागद सांध्याजवळ धरा, गळती असल्यास तो निळा होतो. मात्र योग्य मास्क घातल्याशिवाय कोणालाही आत पाठवू नका.