दोन रंगांतला एक निवडताना: तुमचे अनुभव लिहा

दिवाळीआधी हॉल रंगवायचाय. ह्यांना मोरपंखी हवाय, मला सायीसारखा पांढरा. शेड कार्डावर दोन्ही सुंदर दिसतात, तिथेच गाडं अडलंय. तुम्ही असं कधी अडला होतात का? कशावरून ठरवलंत? तो रंग अजून आवडतो का? सविस्तर लिहा.

सुरुवात मीच करते. मागच्या वेळी बेडरूमला फिका लिंबू निवडला होता. चारही भिंतींना लागल्यावर तो पार भडक झाला. समोरासमोरच्या भिंतींचा रंग एकमेकींवर पडतो आणि गडद होत जातो, हे तेव्हा कळलं. म्हणून आता धास्ती वाटते.

*

आमची खोली उत्तरेकडची, ऊन जवळजवळ नाहीच. राखाडी की विटकरी, यावर महिनाभर घोळ. शेवटी दोन्हींचा एकेक लिटर आणला, जाड पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारले, वाळू दिले आणि ते पुठ्ठे आठवडाभर खोलीत फिरवले. कधी खिडकीशेजारी, कधी कपाटामागच्या कोपऱ्यात. राखाडी दिवसभर निळसर, गारठलेला वाटायचा. विटकरी दिवसा उबदार, पण रात्री पांढऱ्या ट्यूबखाली अगदी मळकट! ती ट्यूब 6500 केल्विनची होती, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची. 3000चा, पिवळसर उजेडाचा दिवा लावला आणि तोच पुठ्ठा खुलला. एका भिंतीला विटकरी दिला, बाकी तीन पांढऱ्या. चार वर्षं झाली, अजून आवडतो. ताई, दिवे आधी ठरवा, रंग मग.

*

शेडच्या नावापुढे बऱ्याचदा एलआरव्ही, म्हणजे रंग किती प्रकाश परतवतो त्याचा आकडा, दिलेला असतो, तो बघा. 0 म्हणजे सगळा प्रकाश गिळणारा, 100 म्हणजे सगळा परतवणारा. हॉल अंधारा असेल तर मोरपंखी एकाच भिंतीला.

*

मालवणजवळचं घर. गडद निळा माझ्या फार मनात होता, पण पावसाळ्यात भिंतीला ओल येते, क्षार फुटतात, आणि गडद रंगावर ते पांढरे डाग लांबूनही दिसतात. पांढराच दिला. आजी चुन्यात चिमूटभर नीळ घालायची, त्याने चुन्याचा पिवळेपणा मरायचा. तसा पांढरा मला डब्यात अजून मिळालेला नाही.

*

आईच्या खोलीसाठी आकाशी की आंबा रंग, असा प्रश्न होता. आकाशी तिला "धुरकट" वाटायचा, म्हणून आंबा ठरला. मध्येच तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिने माझा निळा कुर्ता कितीतरी वेळ न्याहाळला. "हा नवा घेतलास?" कुर्ता तीन वर्षांचा होता. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं भिंग वयाने पिवळं पडतं आणि निळा अडवतं, आता तो अडसर गेला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकी वर्षं तिचं आभाळ कसं दिसत असेल?

घरी येऊन तिच्यासमोर दोन्ही शेड पुन्हा ठेवल्या. तिने क्षणात आकाशीवर बोट ठेवलं. त्याच संध्याकाळी रंगाऱ्याला फोन केला.