मदत हवी आहे: यकृताचा कॅन्सर, गोळीसोबत टेस (TACE) कुणी केलंय का?

मंडळी, आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. काकांच्या यकृतातली गाठ पोर्टल व्हेनपर्यंत (यकृतात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेपर्यंत) गेलीय. लेनवाटिनिब ही कॅन्सरची गोळी चालू आहे. वजन 60 किलोच्या आत, म्हणून 8 मिलिग्रॅम. तळहातांची सालं निघतायत, पोळीचा तुकडा मोडवत नाही.

डॉक्टर आता जोडीला टेस करू म्हणतात: जांघेतून नळी घालून गाठीच्या धमनीत औषध सोडायचं नि ती बुजवायची. चीनमधल्या लाँच (LAUNCH) नावाच्या चाचणीत मध्यक आयुर्मान नुसत्या गोळीवर 11.5 महिने, दोन्ही मिळून 17.8. पण तिथले बहुतेक रुग्ण हेपेटायटिस बीचे. काकांचं फॅटी लिव्हरमधून आलेलं.

कुणाकडे दोन्ही झालंय का? टेसच्या वेळी गोळी किती दिवस बंद ठेवली? नंतर बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) वाढलं का? बडोदा-अहमदाबादेत हे नेहमी करणारे कोण? काढे कृपया सुचवू नका, काकू ते आधीच करून बसल्यात.