उष्टं की खरकटं? आणि जपानी मैत्रिणीला हे सांगायचं कसं?

सेंदाईकर
मंडळी, एक अडचण आहे, खरं तर दोन. मी जपानमध्ये सेंदाईला शिकते, इथली ही माझी दुसरी थंडी. शनिवारी लॅबमधल्या सहा जणांनी मिळून नाबे केलं, म्हणजे टेबलावरच छोटी गॅसची शेगडी, तिच्यावर मातीचं जाड भांडं, त्यात हाकुसाई कोबी, टोफू, जाड पातीचा कांदा, मशरूम सगळं रटरटतंय आणि ज्याने त्याने त्यातूनच घेऊन खायचं. वाढून घ्यायच्या काड्या (चॉपस्टिक्स) वेगळ्या असतात, तोरीबाशी म्हणतात, पण त्या दिवशी त्या कुणी काढल्याच नव्हत्या तर एकीने विचारलं, "जिकाबाशी दे ई?" म्हणजे आपापल्याच काड्यांनी घेतलं तर चालेल ना. सगळे हो म्हणाले, मीपण म्हणाले, आणि मग माझा हातच पुढे जाईना. शेजारच्याने काड्या तोंडातून काढल्या, टोकाला कोबीचा एक तंतू चिकटलेला, आणि तीच टोकं रश्शात घालून तो टोफू शोधायला लागला.

मैत्रिणीने विचारलं काय झालं, तर मला सांगताच येईना. ताबेकाके म्हटलं तर ती म्हणाली ते अर्धवट खाल्लेलं सफरचंद वगैरे, भांड्यातलं तर कुणी अजून खाल्लंच नाहीये. नोकोरिमोनो म्हणजे उरलंसुरलं, तेही नाही. कितानाई म्हटलं असतं तर घाण असा अर्थ झाला असता आणि मला ते अजिबात म्हणायचं नव्हतं. टेबलावरचा नेपाळी मुलगा मात्र लगेच म्हणाला, "जुठो!"

दुसरी अडचण घरातलीच. मी आईला फोनवर म्हटलं, "हात उष्टे आहेत, नंतर करते." तर माझी पुण्याची रूममेट म्हणाली हात उष्टे नसतात, खरकटे असतात. आमच्याकडे अमरावतीला सगळे उष्टे हातच म्हणतात. बरोबर काय?

सदाशिव_पेठी
रूममेटचं बरोबर आहे. उष्टं म्हणजे ज्याला दुसऱ्याचं तोंड लागलंय ते. खरकटं म्हणजे शिजवलेलं अन्न जिथे लागलंय ते, भांडी, हात, ओटा. आमच्याकडे आजी तर कुणी जेवायच्या आधी नुसता भाताला हात लावला तरी हात धुवायला लावायची, भात खरकटा ना! तिथे तोंडाचा संबंधच नाही. हे दोन शब्द एकमेकांत मिसळले की भाषा बोथट होते असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हल्ली मुलं सर्रास "जूठं" म्हणतात ते तर ऐकवत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
काका, हाताने जेवणाऱ्या माणसाचा हात तोंडाला लागतोच ना, मग तो उष्टा कसा नाही? "उष्ट्या हाताने कावळा हाकत नाही" ही म्हण कंजूस माणसाबद्दल अख्ख्या महाराष्ट्रात वापरतात, तिथे खरकट्या हाताने कावळा हाकलेला कुणी ऐकलाय का? ताई, तुमचंच बरोबर आहे. आणि "उष्टी काढणे" म्हणजे पंगत उठल्यावर पानं उचलणे, तिथेही उष्टंच आहे.

शब्दवेडी
मला नेहमी वाटत आलंय की उष्टं हे ओष्ठ वरून आलं असणार, ओठाला लागलं ते उष्टं, किती नीट बसतं!

व्युत्पत्तीवाला
बसतं छान, पण तसं नाही. मूळ संस्कृत उच्छिष्ट, उत् + शिष्, म्हणजे मागे उरलेलं. शेष, अवशेष, विशेष सगळे त्याच धातूचे. म्हणजे गंमत बघा, शब्द निघाला तो "उरलेलं" या अर्थाने, आणि आज आपण कुणी एक घोट पिऊन बाटली पुढे केली तरी तिला उष्टी म्हणतो, ती भरलेली का असेना. सेंदाईकर, तुमच्या मैत्रिणीला नोकोरिमोनो का पटलं नाही ते इथेच आहे, शब्दाचं मूळ तिच्या बाजूचं आणि वापर तुमच्या बाजूचा.

शब्दवेडी
मूळ काहीही असो, मी मुलांना ओठाचंच सांगणार, त्याने अर्थ लगेच कळतो.

नांदेड_ते_हैदराबाद
तेलुगूत एंगिली, कन्नडात एंजलु, तमिळमध्ये एच्चिल. हैदराबादला मला हा शब्द कुणाला समजवावा लागला नाही. इथे तर बतुकम्मा सणाच्या पहिल्या दिवसाचं नावच एंगिली पूला बतुकम्मा! संस्कृतशी नातं नसलेल्या भाषांतही हे आहे, म्हणजे हा भाषेपेक्षा जेवणाच्या पद्धतीचा मामला दिसतो.

एमबीबीएस_चेंगदू
मी चीनमध्ये ५ वर्षं काढली. तिथे गोंगक्वाय म्हणतात, सगळ्यांसाठीच्या काड्या. २००३ च्या सार्सनंतर आणि परत २०२० मध्ये याचा खूप प्रचार झाला, काही हॉटेलांत माणशी दोन रंगांच्या काड्या ठेवायला लागले, एक रंग वाढायचा, एक खायचा. पण ते जंतूंसाठी आहे, उष्ट्यासाठी नाही. फरक मला तिथे एका मित्राच्या घरी कळला. त्याच्या आईने स्वतःच्या काड्यांनी माशाच्या गालाजवळचा मऊ तुकडा काढून माझ्या वाटीत ठेवला, तो मान होता. मी खाल्ला. माझी आई ताटातला शेवटचा घास भरवते तो मी कधी उष्टा म्हणून नाकारलाय का? उष्टं कुणाचं ते महत्त्वाचं. जंतू नाती बघत नाहीत, उष्टं बघतं. जपानी मैत्रिणीला हे सांगून बघा.

भीमेकाठी
इतका वेळ वाचतोय, आता लिहितो. उष्टं कुणाचं ते महत्त्वाचं, अगदी खरं, आणि कुणाला खायला लावलं तेही महत्त्वाचं. माझी आजी गावच्या लग्नात पंगती उठेपर्यंत टोपली घेऊन मांडवाबाहेर बसायची. पत्रावळीवरचं उरलेलं टोपलीत पडायचं, त्यात भात, बुंदी, आमटी सगळं एकत्र. तिला ती बुंदी भातातून वेचून आमच्यासाठी बाजूला काढताना माझ्या वडिलांनी पाहिलंय. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी हे फेकलेले तुकडे खाणं सोडा म्हणून सांगितलं, पण आमच्या गावात ते थांबायला पुढची बरीच वर्षं लागली. आजी त्याला उष्टं म्हणायची, खरकटं नाही. वर कुणी म्हटलं शब्द मिसळले की भाषा बोथट होते, तर आमच्यासाठी हा शब्द कधीच बोथट नव्हता.

सदाशिव_पेठी
भीमेकाठी, तुमचं वाचून थांबलो. तुमचं म्हणणं मान्य आहे. मी फक्त हात उष्टे की खरकटे याबद्दल बोलत होतो, आणि त्यावर मी अजून ठाम आहे.

कोल्हापुरी_चप्पल
उष्टावण विसरला व्हय सगळे? बाळाला पहिल्यांदा भात भरवतात त्याला आम्ही उष्टावण म्हणतो. त्यात वाईट काहीच न्हाई, उलट मामा सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवतो. म्हंजे उष्टं म्हंजे घाण न्हवंच, अन्नाला तोंड लागणं.

सेंदाईकर
उष्टावण! हे मला त्या दिवशी सुचायला हवं होतं. भीमेकाठी दादा, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. मी तिला हा शब्द फक्त चवीपुरता, किळसेपुरता सांगत होते, आता तसं सांगता येणार नाही.

अजून एक सांगते. तिने नंतर आपणहून विचारलं की मग काड्या उलट्या करून मागच्या टोकाने घेतलं तर? इथे काही जण तसं करतात, पण काहींना ते पटत नाही, कारण ते टोक हाताला लागलेलं असतं. म्हणजे तोंड नको म्हणून हात, हात नको म्हणून तोंड, हा घोळ त्यांच्याकडेपण आहे. आणि जिकाबाशी चालेल का असं विचारावं लागतं याचा अर्थ त्यांनाही कुठेतरी खटकतंच, फक्त अन्नाचं त्यामुळे काय होतं याला शब्द नाही.

शेवटी मी तिला चिमणीचे दात दाखवले. रुमालात सेनबेई म्हणजे तांदळाची कुरकुरीत चकती गुंडाळली, रुमालावरूनच दातांनी तोडली आणि अर्धी तिला दिली. लहानपणी पेरू, पेपरमिंट, सगळं आम्ही फ्रॉकच्या घेरात धरून असंच वाटायचो. ती म्हणाली, "सुझुमे नो हा?" चिमणीचा दात? आणि मग म्हणाली, हां, म्हणजे तुमचं अडतं ते तोंडाशी, वाटून खाण्याशी नाही.

वऱ्हाडी_ठेचा
वा! शाळेत बोरकूट आम्ही असंच खाल्लंय.

सदाशिव_पेठी
चिमणीच्या दातांनी तोडलेलं आमच्या आजीच्या मते उष्टंच होतं. लाळ कापडातून जातेच.

शब्दवेडी
अजिबात नाही काका! चिमणीच्या दातांचं कधीच उष्टं नसतं, हे तर पहिलीतल्या पोरालापण माहीत असतं.

कोल्हापुरी_चप्पल
कापड जाड पायजे पण. परकराचं चालतं, ओढणीचं न्हाई.