खिडकी मिळाली, पण कोणत्या बाजूची?

तिकीट काढताना 'खिडकी द्या' एवढंच सांगून मी कित्येक वर्षं खूश होतो. मग एकदा दिल्लीहून काठमांडूला जाताना उजवीकडची खिडकी घेतली. खाली धुरकट मैदान, बाकी काही नाही. डावीकडचे लोक मात्र काचेला नाक लावून बसलेले. मला तिघांच्या डोक्यांवरून एक पांढरी कड तेवढी दिसली, आणि तीच हिमालयाची रांग होती. विमान पूर्वेकडे चाललं होतं आणि डोंगर उत्तरेला, म्हणजे डाव्या हाताला. परतताना तेच उजवीकडे येतात. घरी नकाशा उघडला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. ही हळहळ अजून गेलेली नाही, म्हणून हा धागा. तुम्ही सीट कशी निवडता, काय दिसलं, काय हुकलं, ते लिहा. नुसता सीट नंबर नको. मार्ग आणि दिवसाची वेळही सांगा.

*

मी आधी सूर्य बघते, मग नकाशा. ऊन थेट काचेवर आलं की तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा चमकतो आणि बाहेरचं सगळं पांढुरकं दिसतं. दिल्लीहून लेहला सकाळच्या विमानाने गेले तेव्हा मुद्दाम डावी बाजू घेतली. विमान उत्तरेकडे जातं, सूर्य उजवीकडे, पूर्वेला. त्यामुळे माझ्या बाजूच्या बर्फावर सरळ ऊन पडलं होतं आणि काच स्वच्छ होती. या सावलीच्या बाजूला आणखी एक गोष्ट मिळते. खाली ढगांची चादर असेल तर तिच्यावर आपल्याच विमानाची सावली पळत असते आणि कधी कधी तिच्याभोवती रंगीत कडं दिसतं. गड चढणारे ज्याला इंद्रवज्र म्हणतात तेच हे. सूर्याच्या बाजूला बसलेल्याला ते कधीच दिसणार नाही.

*

बाजू बरोबर निवडली, पण ओळ चुकली. नऊ तास फक्त पंख पाहिला. आता पंखाच्या पुढची ओळ मिळाली तर उत्तम, नाहीतर अगदी मागची. मात्र इंजिनाच्या लगेच मागे बसलात तर गरम हवेमुळे खालचं दृश्य थरथरतं आणि फोटो धूसर येतात.

*

माझ्या नशिबी तर खिडकीच नव्हती! सीट खिडकीची, शेजारी सपाट भिंत. काही विमानांत त्या जागी वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते, म्हणून एखाद्या ओळीला खिडकी नसते. आरक्षणाच्या नकाशात तसं दाखवलेलं नव्हतं. तेव्हापासून त्या प्रकारच्या विमानाचा सीटनकाशा वेगळा शोधून पाहते.

छोटं एटीआर विमान असेल तर पंखाची काळजी करू नका. त्याचा पंख छतावर असतो, त्यामुळे खालची जमीन मोकळी दिसते. फक्त इंजिन आणि पंख्याजवळची ओळ टाळायची.

*

टोरांटोहून लंडनला, रात्रीचं विमान, हिवाळा. ध्रुवीय प्रकाश दिसावा म्हणून डावी बाजू घेतली होती, कारण पूर्वेकडे जाताना उत्तर डावीकडे असते. दोन तास काळोख. मग दूरवर एक राखाडी पट्टा दिसला. मला तो पातळ ढग वाटला. केबिनमधल्या दिव्यांचं प्रतिबिंब पडत होतं म्हणून पांघरूण डोक्यावरून घेऊन काचेला चिकटलो, आणि तो पट्टा हलताना दिसला. पडदा वाऱ्याने हलावा तसा. डोळ्यांना हिरवेपणा अगदी फिका दिसत होता, फोनच्या फोटोत मात्र गडद आला. शेजारचे आजोबा जागे होते. त्यांना खिडकी दिली, पांघरूणही दिलं. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.

*

उतरताना शहर अमुक बाजूलाच दिसेल, यावर फार विसंबू नका. विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरतं. वारा फिरला की धावपट्टीचं दुसरं टोक वापरतात आणि सगळं उलटं होतं. माझा समुद्रकिनारा असाच पलीकडे गेला.

*

संध्याकाळी उत्तरेकडे जाणारं विमान होतं. सूर्यास्तासाठी डावी खिडकी हवी होती, ती संपली होती. उजवीकडे बसले, जरा खट्टू होऊनच. सूर्य बुडाल्यावर पूर्वेच्या क्षितिजावर निळसर करड्या रंगाची एक रुंद पट्टी वर येऊ लागली, तिच्या डोक्यावर गुलाबी झालर. ती पृथ्वीची स्वतःची सावली, वातावरणावर पडलेली. जमिनीवरूनही दिसते, पण वर धूळ कमी, त्यामुळे तिची कड फार स्पष्ट होती. त्या दिवशी पौर्णिमा होती. थोड्या वेळाने त्याच निळ्या पट्टीतून तांबूस चंद्र वर आला, खालून किंचित चपटा. पलीकडे सगळे सूर्य गेला तिकडेच बघत होते. तोच मार्ग, तीच वेळ, पुन्हा जायचं आहे; या वेळी उजवी बाजू मागून घेतली आहे.