कार्नाकच्या दगडांना कुंपण कशाला?

पायवाट:
मंडळी, एक शंका. फ्रान्समधल्या कार्नाकचे फोटो बघत होतो, तीन हजारांवर दगड रांगेत उभे आणि सगळ्याला कुंपण. इंग्लंडच्या स्टोनहेंजलाही तेच, दोरीच्या बाहेरूनच बघा म्हणे. हजारो वर्षं ऊन-पाऊस खाऊन उभे असलेले धोंडे, माणसाने हात लावला तर झिजणारेत का? की नुसता तिकिटाचा धंदा?

खापरतुकडा:
धोंड्यांचं सोडा हो, खालची माती बघा. कार्नाकला इतके पाय पडले की गवत मेलं, मग पावसाने माती वाहून जायला लागली आणि दगडांची बुडं उघडी पडली. म्हणून १९९१ मध्ये कुंपण घातलं, गवत परत उगवू दिलं. आणि खरा माल तर मातीतच असतो ना, दगड उभा करायला खणलेला खड्डा, त्यात ठासलेले छोटे दगड, कोळसा. वय त्या कोळशावरून काढतात. खड्डा उकरला की तारीख गेली.

पायवाट:
हे डोक्यातच नव्हतं आलं. पण मग इंग्लंडमधल्या एव्हबरीच्या दगडी वर्तुळात कसं चालतं? तिथे लोक बिनधास्त दगडाला टेकून बसतात, मेंढ्या चरत असतात.

कातळवेडा:
एव्हबरीचं वर्तुळ एवढं मोठं की गावाचा एक भागच त्यात बसलाय, कुंपण घालणार कुठे? आणि वाट लागायची ती आधीच लागलीये. १७व्या-१८व्या शतकात दगडाखाली जाळ करून तो तापवायचे, वर गार पाणी ओतायचे, तडकला की घणाने फोडायचा आणि घराच्या भिंतीत घालायचा! १९३० च्या दशकात अलेक्झांडर कीलरने (मार्मालेडवाल्या घराण्यातला, पैसा होता) पूर्वी लोकांनी जमिनीत पुरून टाकलेले दगड शोधून परत उभे केले.

खापरतुकडा:
पुढे अशी स्मारकं जपायचा कायदा आला, पण नावापुरता. ब्रिटनच्या १८८२ च्या कायद्यातल्या स्मारकांच्या यादीत स्टोनहेंज होतं, तरी मालकाने स्वतःहून दिलं तरच सरकारकडे. शेवटी सेसिल चब नावाच्या वकिलाने १९१५ मध्ये लिलावात ६,६०० पौंडांना घेतलं आणि १९१८ मध्ये देशाला देऊन टाकलं. कार्नाकला तर २०२३ मध्ये दुकान बांधताना ३९ छोटे दगड गेल्याची बातमी आली, ते खरंच प्राचीन होते का यावरून मग वाद. युनेस्कोचा जागतिक वारशाचा शिक्का कार्नाकवर २०२५ मध्ये बसला.

कातळवेडा:
आपल्याकडे नागपूरजवळ जुनापाणीला दगडांची शेकडो वर्तुळं आहेत, दफनं आहेत ती. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरात बांधकाम नको असा नियम आहे, पण धोंडे गुडघ्याएवढे असले की लोकांना ते स्मारक वाटतच नाही.

पायवाट:
बरं, कार्नाकला आत जायचंच असेल तर?

खापरतुकडा:
हिवाळ्यात जा, तेव्हा मोकळं फिरू देतात. उन्हाळ्यात गाईडबरोबरच.