चिमणीचा मीटर ठीक, मग रात्रीचा वास कुठला?

कुंडईकर: आमचं घर गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला. रात्री ११ नंतर थिनरसारखा वास. तुळशीपुढची अगरबत्तीही त्याच्यापुढे हरते. कारखानावाले म्हणतात, चिमणीवरचा ऑनलाइन मीटर मर्यादेत आहे. खोटं बोलतात का?

जुना फिटर: खोटं नसेलही, बाबा. १५ वर्षं पेट्रोकेमिकलमध्ये काढली. चिमणीवरचा मीटर बहुधा धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड बघतो. असला वास सुटतो पंपाच्या सीलमधून, व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीची गळती रोखणारा भाग), टाकीच्या व्हेंटमधून (हवा जाण्याचं तोंड). आम्ही हातात वाफ मोजायचा मीटर घेऊन एकेक फ्लँज, म्हणजे पाइपचा जोड, हुंगत फिरायचो. ग्लँडचा नट जरा आवळला की आकडा झरकन खाली! रात्री वारा पडतो, मग वाफ जमिनीलगतच रेंगाळते.

कुंडईकर: मग तक्रारीत लिहू काय?

फोंड्याची मावशी: नुसतं ‘वास येतो’ नको. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा वहीत टिपा. १९८१च्या हवा कायद्याखाली गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्याला संमती देतं. तिची प्रत मागा, अटी त्यातच असतात. बेंझिन, म्हणजे अशा वाफेत असू शकणारं एक घातक रसायन, त्याची मर्यादा हवेत ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, पण ती वर्षाची सरासरी. एका रात्रीच्या नमुन्यावर भांडायला जाऊ नका.

जुना फिटर: आणि टँकर किती वाजता रिकामा होतो, तेही बघा; टाकी भरताना आतली वाफ व्हेंटमधून बाहेर पडते.