नाताळची पँटोमाइम टीव्हीवर जगते का?

धागाकर्ता
आपल्याकडे ‘पँटोमाइम’ म्हणजे मूकनाट्य असे समजले जात असले, तरी ब्रिटनमधील नाताळची पँटोमाइम अतिशय बोलकी असते. खलनायक पाठीमागे येऊन उभा राहिला की ‘तुझ्या मागे बघ!’ असे सभागृहातील मुलांनी ओरडायचे आणि पुरुषाने रंगवलेल्या प्रौढ बाईने, म्हणजे ‘डेम’ने, त्यांच्याशी हुज्जत घालायची, हाच तिचा प्राण आहे. म्हणून व्हरायटीच्या, म्हणजे गाणी, विनोद, कसरती अशा मिश्र रंगमंचीय कार्यक्रमांच्या, काळात टीव्हीवर दाखवल्या गेलेल्या पँटोमाइमना मी पँटोमाइम मानत नाही. कॅमेरा डेमच्या चेहऱ्याजवळ गेला की मागून येणारा खलनायक घरी बसलेल्या मुलाला दिसतच नाही. मग त्याने ओरडावे कशासाठी?

प्रतिसाद १
मी सहमत नाही. व्हरायटीची नाट्यगृहे एकेक करून बंद पडत असताना त्या कलाकारांना टीव्हीनेच आसरा दिला, आणि ज्या घरांना तिकीट परवडत नव्हते तिथेही डेम पोहोचली. प्रेक्षकांच्या सहभागाचे म्हणाल, तर लीड्सच्या सिटी व्हरायटीज नाट्यगृहातून बीबीसीने १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षे ‘द गुड ओल्ड डेज’ हा व्हरायटीचा कार्यक्रम दाखवला. त्यात जुन्या काळाचे पोशाख करून आलेले प्रेक्षक कलाकारांबरोबर गात असत. शिवाय रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या संगीतकार-गीतकार जोडीची संगीतिका ‘सिंड्रेला’ १९५७ मध्ये अमेरिकन टीव्हीसाठीच लिहिली गेली आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या कोलिझियम नाट्यगृहात नाताळची पँटोमाइम म्हणून उभी राहिली.

धागाकर्ता
‘सिंड्रेला’चे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. टीव्हीवर तिच्या सावत्र बहिणी स्त्रियांनीच केल्या होत्या आणि सिंड्रेलाचा जिवलग सेवक बटन्स त्यात नव्हताच. लंडनमध्ये गायक-नट टॉमी स्टीलसाठी बटन्स आणावा लागला, बहिणींच्या भूमिका केनेथ विल्यम्ससारख्या पुरुष नटांकडे गेल्या, आणि मगच ती पँटोमाइम झाली.

प्रतिसाद २
गवळणीतली मावशी पुरुषाने रंगवलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना डेम समजावून सांगावी लागत नाही. समोरच्या माणसाकडे बघून वाक्य लांबवायचे की तोडायचे, हे दोघीही जागेवर ठरवतात. तरीही मी प्रतिसाद १ च्या बाजूने आहे. १८८८ पासून लंडनचे ड्रुरी लेन नाट्यगृह डेम म्हणून गाजवणाऱ्या डॅन लेनो या विनोदी नटाची छायाचित्रे आणि काही ध्वनिमुद्रणे आहेत, पण भरलेले सभागृह तो कसा खेळवत असे हे आपल्याला वाचूनच कळते. टीव्हीच्या काळातील डेमबाबत ही उणीव राहायला नको होती. मला खरी चीड येते ती त्या काळी टेपा पुसून पुन्हा वापरण्याच्या पद्धतीची, कारण तिच्यामुळे पुष्कळ कार्यक्रम कायमचे गेले.

धागाकर्ता
टेपांविषयीची चीड मलाही आहे आणि चित्रीकरणाला माझा विरोध नाही. मात्र कॅमेरा बाल्कनीत ठेवावा, म्हणजे रंगमंचाबरोबर ओरडणारी मुलेही चौकटीत येतील.